ट्रेबल दहावर

"उद्या मी गात नाही," असं गिरिजाबाईंनी सकाळी नवऱ्याला चहा ओततानाच सांगून टाकलं होतं. दुपारी तीन वाजता मोहालीतल्या घराच्या गच्चीवर हेरंबराव मांडीवर गिटार घेऊन तेच चघळत बसले होते. उद्या इथल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू. बदली कुठेही होवो, तीस वर्षं ती गायची आणि हे इलेक्ट्रिक गिटारवर साथ करायचे. विमानांच्या इंजिनांपाशी नोकरी झाली, निवृत्तीही झाली, ही जोडी काही सुटली नव्हती. घसा बसलाय म्हणे. घसा कसला बसतोय, अकरा वाजता भाजीवाल्याशी पंजाबीत कडाकडा भांडली की.

त्यांना वाईट वाटलं होतं. आपल्याला ती कंटाळली, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

जानेवारीतलं ऊन असं पसरलं होतं की आपण कुठे आहोत, कुठल्या साली आहोत, कशाचंच भान राहू नये. लांबचे डोंगर धुक्यात मध्येच दिसत, मध्येच नाहीसे होत. गिरिजाबाई चार हातांवर खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. ओजस्विनी, त्यांची लेक, सुट्टी म्हणून चटईवर तोंडावर ओढणी घेऊन पडली होती.

हेरंबरावांनी तार छेडली. गिरिजाबाईंचा खांदा कानापाशी गेला. ओजस्विनी उठूनच बसली.

"बाबा, यार, ट्रेबल दस पे है. दस पे कौन रखता है?"

"मग काय करू? हल्लीचे अ‍ॅम्पच भिकार. हा तिसरा. सगळे गोधडीतून बोलल्यासारखे बोलतात."

ती सरकत अ‍ॅम्पच्या खोक्यापाशी आली आणि एकेका बटणावर बोट ठेवू लागली. गाव बदलत वाढलेली पोर, निम्मं मराठी, निम्मं हिंदी. "बघा. ये बास, खालचा भारी आवाज. हे मिड, माणसाचा गळा इथे असतो. आई गाते तब इसको थोडा कम करो, म्हणजे तिला जागा मिळते. और ये ट्रेबल. धार."

"धार तर हवीच ना."

"है तो सही, बाबा. इतनी है कि..." ती बोलता बोलता थांबली. बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "डोळे मिटा. वाजवत राहा. आवाज बदलला की सांगायचं."

हेरंबरावांनी डोळे मिटले. एक जुनी संथ चाल धरली. पापण्यांवर ऊन आलं आणि आत सगळं केशरी झालं. त्या केशरी उजेडात लांबच लांब धावपट्टी होती, दवानं भिजलेली, आणि तिच्यावरून ते चालत होते, तरणेताठे. कानांवर लावायची ती टोपणं गळ्यात लोंबत होती. तशीच लोंबायची कायम. ती लावली तर दोस्ताचा विनोद कसा ऐकू येणार? पलीकडे कोणीतरी हसत होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता.

ओजस्विनीनं ट्रेबल शून्यावर नेलं. मग पार दहापर्यंत फिरवलं. पुन्हा शून्य, पुन्हा दहा. गिरिजाबाईंनी दोन्ही हात कानांवर घेतले. मांडीवरचं ताट कलंडलं आणि मटार गच्चीभर झाले.

"फिरव की आता," हेरंबराव डोळे मिटूनच म्हणाले. "कधीची नुसती बसलीयस."

त्यांनी डोळे उघडले. लेकीचा हात बटणावर होता आणि बायकोचे कानांवर.

बिघाड अ‍ॅम्पमध्ये नाही, आपल्या कानांत आहे, हे समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. इंजिनाचं कुठे बिघडलंय ते नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस तो. त्यांनी गिटारवर हात आडवा ठेवला.

"केव्हापासून?" त्यांनी बायकोला विचारलं.

"झाली पाच-सहा वर्षं."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? वाजवताना तुमचं तोंड कसं खुलतं ते बघितलंय कधी?" गिरिजाबाईंनी हात खाली घेतले. "मागच्या वर्षी पुढच्या रांगेतल्या बायका उठून गेल्या. माझा आवाज गेलाय म्हणून गेल्या, असं म्हणत होत्या. म्हटलं, म्हणू देत. पण आता होत नाही हो माझ्याच्यानं. गाताना माझं मलाच ऐकू येत नाही."

हेरंबरावांनी डोंगरांकडे तोंड फिरवलं. त्यांना लाज वाटत होती. आणि ती कंटाळलेली नव्हती, म्हणून त्यातही बरं वाटत होतं, त्याचीही लाज वाटत होती. मग त्यांनी गिटार सारखी केली.

"ये. बटणं तू लाव."

"मला काय कळतंय त्यातलं."

"तुलाच कळतंय."

पदराला हात पुसत गिरिजाबाई आल्या. त्या बटणांना त्यांनी आजवर कधी बोट लावलं नव्हतं. हेरंबराव वाजवत होते आणि त्या फिरवत होत्या, आधी भीत भीत, मग कान देऊन. मिड जरा खाली. ट्रेबल चारपाशी आलं तेव्हा त्या थांबल्या. त्यांचं कपाळ सैल झालं. मग त्यांनी आपसूकच तोंड उघडलं आणि पहिली ओळ गायली. घसा चांगला मोकळा होता.

हेरंबरावांना गोधडीतलंच ऐकू येत होतं, तेवढंच, तसंच. पण त्यांची नजर तारांवर नव्हती. ती तिच्या ओठांवर होती, आणि साथ एकदाही चुकली नाही.

ओळ संपली तसे ते म्हणाले, "उद्या लोकांकडे तोंड करून बसू नकोस. माझ्याकडे कर."

गिरिजाबाईंनी पुढची ओळ घेण्याआधी आपली खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर आणून ठेवली.