पिराजीची म्हैस

"मावशी, आमच्या म्हशीनं एवढं दूध दिलं, एवढं दूध दिलं..." पिराजी सोंगाड्या सवयीनं क्षणभर थांबला आणि जत्रेतला अख्खा मंडप ओरडला, "की म्हशीलाच पोहत गोठ्याबाहेर यावं लागलं!"

पिराजीचं तोंड उघडंच राहिलं. या म्हशीवर त्यानं कैक हंगाम काढले होते. गाव बदललं की विनोद आपोआप नवा व्हायचा. आता आदल्या गावचा तमाशा कुणीतरी मोबाइलवर टाकायचं आणि फडाची गाडी पोचायच्या आत म्हैस पुढच्या गावात दूध देऊन मोकळी. फडमालकीण सोनाबाई विंगेतून डोळे वटारून बघत होती. कालच तिनं बजावलं होतं, "पब्लिक हसलं नाही, तर पुढच्या हंगामाला दुसरा सोंगाड्या बघीन."

"समदं तुमास्नीच ठावं हाय, तर या की वर!" पिराजी वैतागून बोर्डावरून खाली उतरला. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांना उठवून त्यांच्या खुर्चीत पाय पसरून बसला. "हं, करा सुरू. आवडलं तर टाळी वाजवीन."

मंडप हसून हसून लोळला. सोनाबाईनंही तोंडाला पदर लावला. "घावलं की रं नवं!" ती म्हणाली. पिराजीचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात ढोलकी कडाडली आणि पिराजी ऐटीत बोर्डावर आला. त्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच पहिल्या रांगेतले एक फेटेवाले आजोबा हसत उठले आणि उपरण्यानं आपली खुर्ची त्याच्यासाठी पुसू लागले.