एकोणपन्नास

एम कोण, हे उल्हासने पुन्हा विचारलं तेव्हा लीना कणीक झाकून ठेवत होती.

"सांगितलं ना, लॅब पार्टनर आहे. मुलगी आहे," ती म्हणाली. "एमा-बिमा असेल काहीतरी. सगळे एमच म्हणतात."

इथला भर उन्हाळ्याचा जानेवारी निम्मा सरला होता. लीना म्हाताऱ्यांच्या एज्ड केअर होममधल्या शिफ्ट सांभाळून कॉलेजात केमिस्ट्रीचा समर कोर्स करत होती. पास झाली तर त्याचं क्रेडिट नर्सिंगच्या डिग्रीत धरलं जाणार होतं आणि मार्चमध्ये युनिव्हर्सिटी सुरू. मधेच सोडला तर सीट जाणार. पंचेचाळिशीत दुसरी मिळेल, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

उल्हासची कोर्सला हरकत नव्हती. फोनला होती. संध्याकाळी ती मुलीच्या, मयूराच्या, खोलीत दार लावून बसायची. खोली तशी रिकामीच. मुलीची चौकशी कुणी केली की उल्हास सांगायचा, ती पर्थला असते, नोकरीत फार बिझी आहे.

त्या बंद दारातून त्याने लीनाचा आवाज ऐकला. ती एमला प्रयोगाचे आकडे सांगत होती. बावीस. छत्तीस. एकोणपन्नास.

एमा नावाच्या मुलीला एकोणपन्नास कसं कळतं?

त्याने तेव्हा विचारलं नाही. संक्रांतीला लीनाने गुळाच्या पोळ्यांचे दोन डबे भरले. संध्याकाळी एक डबा धुऊन आला. दुसऱ्यात पोळ्यांच्या नुसत्या कडा होत्या, मधलं सगळं खाल्लेलं. लीनाने त्या कडा ओट्याशी उभ्या उभ्या खाऊन टाकल्या. परक्या माणसाचं उष्टं आपली बायको खाते आहे, हे उल्हास दारातून पाहत राहिला.

जेवताना ती म्हणाली की प्रयोग पुन्हा करावा लागणार. एमने फोर्टी-नाइनच्या जागी फिफ्टी-नाइन लिहून ठेवलं होतं.

"पार्टनर बदलून घे मग."

"नाही."

"तर क्लास बंद कर."

"परीक्षा झाली की होईलच बंद," लीना म्हणाली. "तोवर मला काही विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी गाडी तिच्याकडे होती, म्हणून उल्हासने समोरच्या घरातल्या यतीनला कॉलेजपर्यंत सोडायला सांगितलं. यतीन त्याच्याच ऑफिसातला, या ट्रुगानिना उपनगरात दोघांनी घरंही बरोबरच घेतलेली. कारण ऐकल्यावर त्याने राउंडअबाउटला गाडी हळू केली.

"मेट, तू गुप्तहेर कधीपासून?" मग तो म्हणाला. "आणि सापडलाच कुणी तर करणार काय?"

उल्हास म्हणाला, आजच्या आज तिला कोर्समधून नाव काढायला लावणार.

"नाही सापडला तर?"

"सापडेल."

बाहेर ऊन पोळत होतं. लॅबचा एसी बंद पडला होता आणि दाराला स्टूल लावून ते उघडं ठेवलं होतं. दोघे कॉरिडॉरमध्ये भिंतीच्या कडेने उभे राहिले. आत पांढरे कोट, डोळ्यांवर गॉगल, सगळे पाठमोरे. खिडकीजवळच्या टेबलाशी लीना होती. तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, बारीक केस कापलेलं कुणीतरी उंच.

"पोरगा आहे," उल्हास हळूच म्हणाला. "निम्म्या वयाचा."

यतीनने त्याचा दंड धरला. इथे नको, बाहेर आल्यावर बोल, असं तो म्हणत होता. उल्हासने हात सोडवला आणि दारापर्यंत गेला.

लीना थर्मामीटरवर वाकली होती.

"एकोणपन्नास," ती म्हणाली. "लिही."

शेजारचं डोकं तिच्याकडे वळलं.

"आई, दॅट्स फिफ्टी-नाइन, राइट?"

"फोर्टी-नाइन गं. कितीदा सांगू?"

उल्हास होता तिथेच थांबला. मागून आलेल्या यतीनने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे, ही तर मयूरा. पर्थहून कधी आली?"

पर्थ हे नाव उल्हासनेच शोधून काढलं होतं. मुलीला घराबाहेर काढलं त्या दिवशी, कुणी विचारलं तर सांगायला.