निरोपाचा केक

पोर्तो अलेग्रीत आम्ही काही हौशी लोक मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतो आणि फुकट वाटतो. दर आवृत्तीला आमच्यातल्याच एकाचं नाव द्यायची आमची रीत आहे. पाच वर्षं तिच्यात सापडतील ती सुरक्षेतली भोकं आम्ही बुजवतो. मुदत संपली की ज्याचं नाव त्यानं निरोपाचा केक कापायचा. त्यानंतर सापडलेलं भोक तसंच राहतं.

मार्चमध्ये अँसेल्मोची आवृत्ती संपली. दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्याच्या हनुवटीला जरासं कापलं.

जूनमध्येही ती जखम ओलीच होती.

"डॉक्टरला दाखव की," मी म्हणालो.

"तिघांना दाखवलं. म्हणे, साखर उत्तम, रक्त उत्तम." त्यानं कापूस बदलला.

ऑगस्टमध्ये जांदीराची आवृत्ती संपली. त्या आठवड्यात तिला एक डास चावला. हातमोज्याखाली ती अजून खाजवत असते.

"तू तरी मुदत वाढवून घे," अँसेल्मो मला म्हणाला.

"नियम तूच लिहिलायस ना, म्हाताऱ्या? मुदत म्हणजे मुदत!" मी हसलो. ते दोघं हसले नाहीत.

आज दुपारी बाराला माझ्या आवृत्तीची मुदत संपल्याची सूचना मीच पाठवली. मग मक्याचा केक आला. जांदीरानं सुरी आधीच लपवली होती, म्हणून मी चमच्यानं तुकडा काढला.

पहिल्याच घासाला दातांखाली गाल आला.

"कसा झालाय?" जांदीरानं विचारलं.

गोडात खारट चव मिसळत होती. छान झालाय, अशी मी मान हलवली. तोंड उघडलं नाही.