अंगणातला फोटो

बुकिंगची साइट बंद पडली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि प्रेरणाच्या हातातला घास हातातच राहिला. लोहगडाखालच्या भाजे गावात पाहुण्यांसाठी बांधलेल्या तिच्या चार खोल्यांकडे महिनाभर चिटपाखरू फिरकलं नव्हतं. आज कुणीतरी साइटवरचा अंगणाचा फोटो सगळीकडे पाठवला आणि हजारो लोक एकदम तो बघायला धावले. साइटनं मान टाकली.

दिवाळीपर्यंतचे शनिवार-रविवार भरले नाहीत तर पुण्याच्या नोकरीवर परत जायचं, असं तिनं वडिलांना, मारुतीआबांना, कबूल केलं होतं. तिला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

साइट बनवणारा अतुल फोनवर म्हणाला, जड फोटो काढून टाक, साधं एक पान लाव आणि लोकांना खरं ते सांग. तिनं लिहिलं: ‘आम्ही छोटे आहोत, एवढ्या पाहुण्यांची सवय नाही. नाव-नंबर ठेवा, आम्ही स्वतः फोन करू.’ मग ओसरीवर येरझाऱ्या घालत ती एकेक नंबर लावत सुटली. घशाला कोरड पडली तरी थांबवेना.

ठाण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, फोटो खरा आहे ना, जोडलेला तर नाही? तिला राग आला, पण आवाज गोड ठेवला.

"शनिवारी तिन्हीसांजेला मीच काढलाय, आमच्याच अंगणात. सगळ्या खोल्यांची दारं त्याच बाजूला उघडतात."

"धाडस आहे तुमचं," ते हसले आणि त्यांनी दोन खोल्या घेतल्या.

पिंपरीच्या बाईंनी मुलं आणू का म्हणून तीनदा विचारलं. खुशाल आणा, अंगणात मोकळी खेळू देत, असं तिनं सांगितलं. शहरातल्या माणसांना अंगणाची कसली एवढी धास्ती, तिला कळेना.

आबा गोठ्यातून आले. त्यांचा तांबडा कुत्रा मोत्या चार दिवस दिसला नव्हता, त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"आजबी न्हाई आला गं."

"गडावर असंल, आबा. ट्रेकवाले बिस्किटं देत्यात."

भाज्याची कुत्री तशीच. पाहुण्यांच्या मागं लोहगड चढतात आणि चार-चार दिवस वरच मुक्काम ठोकतात. आबा चहा घेऊन नेहमीसारखे अंगणाच्या कडेला, करवंदीच्या जाळीपाशी बाजेवर जाऊन बसले.

साडेसहापर्यंत दिवाळीपर्यंतचे सगळे शनिवार-रविवार भरले. प्रेरणाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात अतुलचा निरोप आला: साइट चालू झाली, फोटो परत चढव.

आजवर तो तिनं मोबाइलवर, बोटभरच पाहिला होता. आता लॅपटॉपवर मोठा उघडला. बाजेवर आबा, हातात कप, लांब विसापूरचा किल्ला. आणि आबांच्या पाठीमागं, जाळीच्या पानांत, ठिपक्याठिपक्यांचं अंग आणि दोन पिवळे डोळे.

बाहेर अंधारून आलं होतं. अंगणातून आबांचा आवाज आला, चार दिवसांत पहिल्यांदाच खुशीतला.

"प्रेरणे, आला बग मोत्या. जाळीत बसलाय, हाक मारली तरी येईना."