कोर्स करू की नको

बारावीनंतर शीला आईला घेऊन उल्हासनगरच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये लॅब टेक्निशियनच्या कोर्सची चौकशी करायला गेली. फी ऐकून आई चपला शोधायला लागली, तेवढ्यात टेबलामागची कडक इस्त्रीतली मॅडम गोड हसली. "काकी, मीपण हाच कोर्स केलाय. बघा, आज नोकरीला आहे ना?" आई विरघळली आणि भिशी उचलून तिने फी भरली.

वर्षभरात शीला हात न थरथरता रक्त काढायला शिकली, पण अंबरनाथ-बदलापूरच्या लॅबवाल्यांचं एकच पालुपद, "आधी सहा महिने फुकट कर, मग पगाराचं बघू." तिकडे भिशीचे हप्ते चालूच होते. शेवटी डोकं फिरलं आणि ती इन्स्टिट्यूटच्या सरांशी तावातावाने भांडायला गेली. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बोलतेस मस्त गं. आमच्या मॅडमचं लग्न ठरलंय, टेबल रिकामं होतंय. सोमवारपासून येशील?"



सोमवारी पहिल्याच काकी फी ऐकून चपला शोधायला लागल्या, तेव्हा शीला गोड हसली, "काकी, मीपण हाच कोर्स केलाय. बघा, आज नोकरीला आहे ना?"