लोकरीचा पोहण्याचा पोशाख

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: शंभर वर्षांपूर्वी काही पुरुष पोहायला चक्क लोकरीचा, मांडीपर्यंतचा, बिनबाह्यांचा पोशाख घालत. सिनेमासाठी तसाच एक कामशेतच्या हिराने विणला. कपडेपटाचा प्रदीप तो न्यायला आला.

"झकास, वहिनी! उद्या आमचा हिरो हा घालून पवनेच्या धरणात उडी मारणार."

"उडी? तुमी तर म्हणालता, नुसता काठावर उभा राहील."

"आता बदललंय. काळजी नको, पट्टीचा पोहणारा आहे तो."

"माझे बाबापण होते," हिराची छोटी तेजल म्हणाली, "तरी वर आले न्हाईत."

प्रदीप फोनचं निमित्त करून अंगणात गेला. हिरा चहा टाकायला आत गेली. तेजलने पोशाख मांडीवर ओढला, लोकरीचं टोक शोधलं आणि ती भराभर उसवू लागली.