मुलाकडच्यांची काळजी

कुशलला घेऊन त्याचे आईवडील पुंगोलच्या आमच्या फ्लॅटवर मला बघायला आले, आणि पोहे खाऊन होईपर्यंत मी त्यांना पसंतही होते. मग त्याच्या वडिलांनी, म्हणजे चांगी बिझनेस पार्कमधल्या मोठ्या मॅनेजरसाहेबांनी, मी लॅबमध्ये नक्की काय करते ते विचारलं. मी मूर्खासारखं खरं सांगितलं. 'मेज' नावाचं जनुकांचं एक कुटुंब आहे, कॅन्सरच्या गाठीत ती जनुकं जागी होतात, त्यांच्या प्रथिनांवरून गाठ ओळखता येते, आणि मी त्यावर संशोधन करते.

काकांनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे रोज त्यातच हात? राग मानू नकोस हं, पण कुशल एकुलता एक आहे. आमच्या वंशात असली जनुकं शिरायला नकोत."

काकूंनी पोह्यांची रिकामी प्लेट हळूच लांब सरकवली. पोहे मी केले होते. दोन डिग्र्यांचा इंजिनिअर कुशल फोनमध्येच बघत राहिला.

"काका, ही जनुकं जन्मापासून सगळ्यांतच असतात," मी म्हणाले. "माझ्या शरीरात ती झोपलेली आहेत. धडधाकट पुरुषात मात्र एका ठिकाणी ती कायम जागी असतात."

"अगं बाई! कुठे?" काकूंनी घाबरून विचारलं. कुशलनेही पहिल्यांदाच फोनमधून मान वर केली.

 

"तुमचा वंश जिथे तयार होतो ना काकू, तिथेच."